परबची मिशी आणि आठ सिलिंडर

बहारिनच्या गॅरेजात मी स्टोअर सांभाळायचो, ती वर्षं सत्तरीच्या शेवटची आणि ऐंशीच्या सुरुवातीची. पुण्याहून जाताना वाटलं होतं, दोन वर्षं काढू आणि परत येऊ. आलो अकरा वर्षांनी. येताना आणलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर कधीच मोडीत गेला, पण परब आणि साळुंखे या दोन मेकॅनिकांचे किस्से शाबूत आहेत. एक सांगायला घेतला की मागचा त्याला ढकलतच बाहेर काढतो.

परब कुडाळचा, साळुंखे कराडचा. दोघे एका खोलीत राहायचे, एका पातेल्यातलं जेवायचे आणि दिवसभर भांडायचे. आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, दोन मुलगे. थोरल्या जासिमकडे मस्टँग, धाकट्या युसुफकडे कॉर्व्हेट. दोन्ही अमेरिकन, दोन्ही आठ सिलिंडरच्या, आणि सुरू झाल्या की माझ्या रॅकवरचे डबे थरथरायचे. मस्टँग परबच्या हाताखालची, कॉर्व्हेट साळुंखेच्या. गाड्या मुलांच्या होत्या, मिजास मात्र या दोघांची.

*

मुख्य वाद डिस्ट्रिब्युटरचा. आठही सिलिंडरना ठिणगी वाटणारा हा भाग मस्टँगमध्ये इंजिनाच्या पुढे असतो, कॉर्व्हेटमध्ये पार मागे.

"पुढे असलो की माणूस उभ्यान काम करता," परब म्हणायचा. "तुझ्या गाडीत इंजिनावर पालथा पडूचा लागता."

"पुढं म्हंजे पावसात भिजणार."

"हय पाऊस खंय पडता?"

त्या जानेवारीत पडला. तिथे वर्षातून चार दिवस पडतो, पण गटारं नसल्यामुळे रस्त्यांची तळी होतात. जासिमने मस्टँग पाण्यात घातली आणि सनाबिसजवळ ती बंद पडली. परब फडकी घेऊन निघाला, साळुंखे न बोलावता बरोबर गेला. गुडघाभर पाण्यात परबचं काम उरकल्यावर एवढंच म्हणाला, "उभ्यानं पुसलास न्हवं? मग झालं तर."

*

परबकडे तळाला लोहचुंबक असलेला इवलासा गणपती होता. गाडी दुरुस्त झाली की तो बॉनेटवर बसवायचा, हात जोडायचा आणि मगच चावी द्यायचा. एकदा साळुंखे तापाने पडला, म्हणून कॉर्व्हेटचं ऑइल परबने बदललं. सवयीने गणपती ठेवला, तर तो घसरून थेट परबच्या चपलेवर. कॉर्व्हेटचं अंग फायबरचं, त्याला चुंबक चिकटणार कसं?

परब साळुंखेच्या उशाशी जाऊन म्हणाला, "बघ. देवाकय तुझी गाडी नको."

साळुंखेने चादरीतूनच उत्तर दिलं, "तुझ्या गाडीला देव लागतो. माझीला पेट्रोल."

*

कॉर्व्हेटचे दिवे बॉनेटात मिटलेले असायचे आणि बटण दाबलं की डोळे उघडावेत तसे वर यायचे. एका वाळूच्या वादळानंतर त्यातला एक उघडेना. युसुफ तसाच जनाबियाला मामाकडे गेला आणि परत येऊन साळुंखेवर भडकला, "मामा पूछता, गाडी मेरे को आँख क्यूँ मारता?"

त्यानंतर आठवडाभर परब साळुंखेला एक डोळा मिटून गुड मॉर्निंग करत होता.

*

आता शर्यतीचं सांगतो.

परबचं लग्न ठरलं होतं. सावंतवाडीची मुलगी, फोटोवरून पसंती. आईने पत्रात मुद्दाम कळवलं होतं, "मुलीला तुझी मिशी फार आवडली." ते पत्र त्याने आम्हाला इतक्या वेळा वाचून दाखवलं की मला पाठ झालं. रजा तीन आठवड्यांवर आली होती. आणि नेमकी तेव्हाच जासिम आणि युसुफने शुक्रवारी सकाळी सखीरच्या बाजूला शर्यत लावली. तेव्हा तिथे नुसतं वाळवंट आणि एक सरळ रस्ता.

साळुंखेने पैज लावली. ज्याची गाडी हरेल त्याची मिशी जाणार. परब चिडून "चलात" म्हणून बसला, आणि मग दोन दिवस जेवला नाही. साळुंखे मात्र कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, नवा वस्तरा घेऊन आला.

रस्त्यावर पोहोचल्यावर अरबाब म्हणाला, "तुम दोनो बोलता, दूसरे का इंजिन बच्चा लोग का काम. अच्छा. आज परब कॉर्व्हेट देखेगा, साळुंखे मस्टँग. खलास."

सर्वांसमोर प्लगच्या नव्या वायरी बसवायच्या होत्या, त्या मीच स्टोअरमधून आणल्या होत्या. आठ सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात ते दोन्ही इंजिनांत वेगळं. आमचे दोघे आपापला क्रम पाढ्यासारखा पुटपुटत वायरी लावायचे. कॉर्व्हेटवर पालथा पडलेला परब पुटपुटत होता, "एक-पाच-चार-दोन..." तो मस्टँगचा पाढा. पलीकडे मस्टँगमध्ये साळुंखे, "एक-आठ-चार-तीन..." मी दोन्ही ऐकलं. पण थर्मासमधला चहा निवत होता.

चाव्या फिरल्या. एक गाडी खोकली, दुसरी शिंकली, दोन्ही गप्प. दहा मिनिटांचं काम होतं, पण चूक कबूल कोण करणार?

"ह्या इंजिनच असा आसा," परब म्हणाला.

"ह्ये बी तसलंच," साळुंखे म्हणाला.

तासभर हेच. ऊन चढलं, अरबाबला दुपारच्या नमाजाला परतायचं होतं. त्याने समोरच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं. "इंजिन मफी, इंजिन नहीं, धक्का है. जिसने बिगाडा, वो धकेलेगा. यल्ला."

जासिम आणि युसुफ स्टिअरिंगवर बसले. साळुंखेने मस्टँगला खांदा लावला, परबने कॉर्व्हेटला. शंभर पावलं बरोबरीने गेले. मग साळुंखेने मान वळवली आणि धापा टाकत विचारलं, "दमलास व्हय?"

परबने दात-ओठ खाल्ले, मान खाली घातली आणि अशी काही मुसंडी मारली की युसुफची टोपी उडाली. कॉर्व्हेट खांबापलीकडे सहज दहा पावलं गेली.

"पयलो! मी पयलो इलंय!" दोन्ही हात वर करून परब रस्त्यावर नाचत होता.

साळुंखे मस्टँग तिथेच सोडून सावकाश चालत आला आणि खिशातून वस्तरा काढून म्हणाला, "मस्टँग कुणाची? बस खाली."