कुलगुरूबाईंची खुर्ची

कुलगुरूबाईंना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विद्यापीठाचे संघ जिथे जातील तिथून मार खाऊन परतत, आणि क्रीडासंचालक दर वेळी हवामानाला दोष देत. बाईंनी भाषण ठोकलं नाही की समिती नेमली नाही. त्या आपली खुर्ची घेऊन सरळ मैदानाच्या गॅलरीखालच्या खोलीत बसायला आल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी तिथल्या न्हाणीघरातला नळ सोडला. तो नुसता फुसफुसला. खेळाडू मुली वर्षानुवर्षं तशाच घामाघूम घरी जात होत्या. संध्याकाळपर्यंत नळाला धो धो पाणी आलं, कारण आता तो कुलगुरूंचा नळ होता. सह्यांसाठी येणारे साहेबलोक चिखलात घसरू लागले, तसं मैदानही सपाट झालं. संचालक झक मारत सकाळी सरावाला हजर राहू लागले.

वर्षअखेर मुलींनी हॉकीचा करंडक आणला.

"ताई, तू केलंस तरी काय?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

"मी? मी तिथे हात धुतले," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शिपाई ती खुर्ची उचलून वसतिगृहाच्या खानावळीकडे निघाला, आणि ते पाहूनच खानावळवाल्यानं आमटीत चार मुठी डाळ वाढवली.