तुळईवरचा दगड

बार्ब्रा मुल्केरिन समुद्राच्या तोंडावर भिंत बांधायला लागली तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती आणि तिचा एक गुडघा कामातून गेला होता.

"इंग्रजांनी फ्रेंचांना अडवायला बुरूज बांधला, आता आपली बार्ब्रा समुद्राला अडवणार," असं फेस्टी किंग माझ्या दुकानात चहा पिता पिता म्हणाला आणि बाकीचे खो खो हसले. मी हसले नाही. मला हसू यायच्या आधी राग येतो, तो माझा स्वभावच आहे. मी त्याला म्हटलं, "तू आधी तुझ्या शेडवर छप्पर घाल. ताडपत्री फडफडून फडफडून आमची झोप उडवलीय तिने."

"चांगली तुळई मिळाली की घालतो ना, डीलिया. आभाळातून पडणार आहे का तुळई?"

आमच्या गावाचं नाव रिनगारव, म्हणजे खडबडीत टोक. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलेलं नाही. इथे शेतातली मातीसुद्धा माणसांनी बनवलेली आहे. उघड्या खडकावर वाळू आणि समुद्रातलं शेवाळ पाठीवरून आणून ओतलं, तेव्हा कुठे बटाटे उगवले. टोकावर तो इंग्रजांचा पडका बुरूज आहे. फ्रेंच काही आले नाहीत, मेंढ्या मात्र पावसात तिथे आडोशाला जातात. आणि बुरुजाच्या खाली, कड्याच्या अगदी काठाला, किलीन आहे.

किलीन म्हणजे बाळांची जागा. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळाला चर्चच्या आवारात पुरत नसत. दिवस मावळला की बाप पेटी काखेत घेऊन इथे यायचा, खड्डा खणायचा, डोक्याशी किनाऱ्यावरचा एक गोटा ठेवायचा आणि घरी जायचा. ना पाद्री, ना नाव. आई घरात पडून असायची, तिला कुणी काही विचारत नसे आणि सांगतही नसे. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ते बंद होऊन फार दिवस झाले नव्हते. मला त्याची आजही चीड येते, आणि ती मी फादरना तोंडावर सांगितलेली आहे.

बार्ब्राचं पहिलं बाळ तिथे आहे. तिचा नवरा मकडारा त्याला घेऊन गेला होता. पुढे त्यांना मूल झालं नाही. मकडारा शेवंडीचे पिंजरे टाकायचा, ती ओहोटीला खडकांवरचं शेवाळ कापायची, आणि दोघं एकमेकांशी फारसं न बोलता सुखाने राहिली. बार्ब्रा तशी कमी बोलणारीच. पण एकदा काही मनात घेतलं की तिच्यापुढे हात टेकावे लागतात.

मकडारा गेल्यावर दोनेक वर्षांनी एका वादळाने किलीनचा काठ खाल्ला. सकाळी खालच्या पुळणीवर काही गोटे पडलेले दिसले. किनाऱ्यावर गोट्यांना काय तोटा, पण त्या गोट्यांची एक बाजू पांढरट दगडफुलाने भरलेली होती. ते वर बाळांच्या डोक्याशी, वाऱ्या-उन्हात बसलेले गोटे होते. बार्ब्राने ते एकेक करून उचलले, एप्रनमध्ये घालून वर नेले आणि गवतावर ओळीने ठेवले. सरकारी माणूस येऊन बघून गेला आणि एवढ्याशा जागेसाठी काही करता येणार नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी बार्ब्रा माझ्याकडे पहार मागायला आली.

दगड तिने बुरुजाचे घेतले, ढकलगाडीतून, चढउतारावर. लावायची रीत आमच्याकडची: समुद्रासमोरच्या भिंतीत दगड आडवे ठेवत नाहीत, पुस्तकं लावावीत तसे उभे ठोकतात. आडव्या दगडाखाली लाट शिरते आणि त्याला उचलून नेते. उभ्या दगडांना प्रत्येक लाट आणखी घट्ट बसवते. बार्ब्राला हे तिच्या बापाने शिकवलं होतं. रोज थोडी थोडी भिंत वाढत होती.

मला एकच कळत नव्हतं. किलीन चांगलं लांबलचक आहे. एका टोकाला काटेरी झाड आहे आणि त्याखालच्या पांढऱ्या गोट्याशी ती कधीकधी बसलेली दिसायची. मी एकदा म्हटलंच, "अगं, सगळ्या काठाला भिंत घालून मरशील. तुझ्या बाळापुरता कोपरा राख आणि बस कर."

"तो चपटा दगड दे इकडे," ती म्हणाली. विषय संपला.

पुढच्या हिवाळ्यात भिंतीचा पाया सरकायला लागला. खालची माती ओली होऊन घसरत होती आणि तिच्याबरोबर दगडही. पायाशी एखादं जाडजूड लाकूड आडवं घातलं असतं तर भिंतीला टेका मिळाला असता. पण आमच्या टोकावर झाड म्हणजे ते एक काटेरी, आणि तेही वाऱ्याने वाकडं केलेलं. वसंतातलं मोठं उधाण जवळ येत होतं. तोवर पाया धरला नाही तर भिंत जाणार आणि भिंतीमागोमाग बाळं जाणार, हे बार्ब्राला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग खरंच तुळई आली, आभाळातून नाही, समुद्रातून. कुठल्या जहाजाची की कुठल्या धक्क्याची देव जाणे. मी कोंबड्यांसाठी शिंपले गोळा करायला पुळणीवर उतरले, तर पाण्याच्या काठाशी ती पडलेली, काळीभोर, होडीएवढी लांब. शेजारी बार्ब्रा धापा टाकत होती. तिने तुळईवर एक दगड ठेवला होता.

आमच्याकडे याचा कायदा आहे. भरती किनाऱ्यावर शेवाळाची रेघ सोडून जाते; वाहून आलेलं लाकूड ज्याने त्या रेघेच्या वर ओढलं आणि त्यावर दगड ठेवला, ते त्याचं. मग ते वर्षभर तिथे पडू दे. रिनगारवची माणसं खोटं बोलतील, बांधावरून नातवंडांपर्यंत भांडतील, पण दुसऱ्याच्या लाकडावरचा दगड आजवर कुणी उचललेला नाही.

फेस्टी ट्रॅक्टर घेऊन उतरला. तुळई बघून त्याचे डोळे लकाकले.

"दगड आहे तिच्यावर," बार्ब्रा म्हणाली.

"रेघेच्या खाली आहे, बार्ब्रा. खालचा दगड धरत नाहीत. तुला माहितीये."

खरं होतं. कायदा त्याच्या बाजूने होता. बार्ब्राने दगड उचलला, मांडीवर घेतला आणि तुळईवर बसली.

"आता?" तिने विचारलं.

"हा काय पोरखेळ आहे? भरती लागलीय."

"मग तू घरी जा. पाय भिजतील."

फेस्टीही काही कमी हट्टी नाही. तो बोनेटला टेकून सिगारेट ओढत उभा राहिला. पाणी तिच्या घोट्यांपर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. फेस्टीची जुळी बहीण वर त्याच किलीनमध्ये आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. ते माझ्या अगदी जिभेवर आलं. बार्ब्राने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ते गिळून टाकलं. तिला ते हत्यार वापरायचं नव्हतं.

मग एक लाट आली आणि तुळई हलली. बार्ब्रा कलंडली, एका हाताने सावरली, पण दुसऱ्या हातातला दगड तिने सोडला नाही. मी किंचाळले. राग असा आला होता की दोघांना ओढून थोबाडीत द्यावी.

फेस्टीने एक सणसणीत शिवी हासडली आणि साखळी घेऊन पाण्यात घुसला. "उतर, म्हातारे! बांधू दे मला!"

"कुणासाठी बांधतोयस?"

"उतर म्हणतो ना!"

"आधी सांग."

त्याने सांगितलं नाही आणि ती उतरली नाही. शेवटी त्याने तशीच साखळी अडकवली, ट्रॅक्टर चालू केला आणि गोट्यांवरून कर्कश आवाज करत तुळई वर सरकू लागली. वर बार्ब्रा, घोड्यावर बसावं तशी, पायांतून पाणी गळतंय, मांडीवर दगड. शेवाळाची रेघ ओलांडल्यावर फेस्टीने गाडी थांबवली.

ओढली त्याने होती, दगड तिचा होता. असा पेच रिनगारवमध्ये कधी पडला नव्हता.

फेस्टी खाली उतरला. तुळईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. त्याच्या शेडच्या मापाचीच होती ती.

"ठेव तो दगड," तो म्हणाला. "मांडी मोडेल तुझी."

बार्ब्रा उतरली आणि तिने तुळईवर दगड ठेवला. मी शिंपल्यांची बादली उगाच इकडची तिकडे केली.

"आता आणलीच आहे तर वरही नेतो," फेस्टी साखळी घट्ट करत म्हणाला. "तुझं बाळ त्या काटेरी झाडाखाली ना? आधी तिथला पाया धरू. बाकीचं मग बघू."

"झाडाखाली सावली आहे म्हणून बसते मी," बार्ब्रा म्हणाली. "माझं कुठलं ते मला माहीत नाही. मकडाराने सांगितलं नाही. शेवटच्या आजारात विचारलं तर म्हणाला, अंधार होता. माहीत असतं तर एवढी लांब भिंत कशाला बांधली असती, फेस्टी?"

फेस्टी साखळीशी खाटखूट करत राहिला. ती कधीच घट्ट झाली होती.

"आमच्या आईलाही माहीत नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

मग तो ट्रॅक्टरवर चढला आणि आम्ही दोघी मागून चालत वर गेलो. पाया त्यांनी डाव्या टोकापासून धरायला घेतला, कारण कुठून तरी सुरुवात करायची होती.