वहिनींचं मत

लग्न होऊन मी सांगलीहून साताऱ्याला आले आणि सासरी रेकॉर्ड प्लेअर आहे हे पाहून हरखून गेले. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर तो असे, वर क्रोशाचा रुमाल. खालच्या फळीवर रेकॉर्डी, सगळ्या इंग्रजी, रॉकच्या. पुण्यामुंबईला जाणाऱ्या कुणाकुणाकरवी मागवलेल्या. त्यातल्या निम्म्या मी माहेरी ऐकलेल्या होत्या.

माझा थोरला भाऊ सांगलीला इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवरच्या मुंबईच्या मुलांकडून तो रेकॉर्डी मागून आणायचा आणि आम्ही दोघं माडीवर दुपारभर ऐकत बसायचो. ऐकणं थोडं, भांडणं जास्त. त्याला गिटार सुसाट सुटते तिथे मजा वाटे, मला गाणाऱ्याचा आवाज फाटतो तिथे. "तुला काही कळत नाही," असं आम्ही एकमेकांना सारख्याच हक्कानं म्हणायचो.

पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ही रेकॉर्ड मी ऐकलीय."

ते हसले. "रेडिओवर दुसरं काहीतरी ऐकलं असशील. ही कुठून मिळणार सांगलीत?"

मला बघायला आले होते तेव्हा माझ्या काकूंनी 'मुलीला गाण्याची आवड आहे' असं सांगितलं होतं. ह्यांनी त्याचा अर्थ भावगीतं असा घेतला होता. मी नवी सून, गप्प बसले. एकदा न बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी बोलायला जड जाते. महिन्याभरानं ती खोटं बोलल्यासारखीच वाटायला लागते.

दर रविवारी सकाळी बैठक भरायची. हे बँकेत होते. त्यांचे दोन मित्र यायचे. एक कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक, दुसरे साखर कारखान्यातले केमिस्ट, मूळचे आटपाडीकडचे. निकाल द्यायचं काम प्राध्यापकांचं. कुठली रेकॉर्ड अस्सल, कुठली बाजारू, हे ते ठरवायचे. त्यांनी नाक मुरडलं की आमच्या घरात ती रेकॉर्ड पुढे कितीतरी दिवस वाजत नसे, मग ह्यांना ती आधी कितीही आवडलेली असो.

मी चहा ठेवून आत जायची. स्वयंपाकघरात भिंतीतून ढोलाचा आणि जाड तारांचा घुमारा तेवढा यायचा, गाणं यायचं नाही. राहिलेलं मी मनानं भरून काढायची. माझ्या आवडीची वस्तू माझ्याच घरात, आणि मध्ये एक पडदा. तो पडदा बाजूला करायला मला कुणी बंदी केली नव्हती. बंदी केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्या रविवारी मी पोह्यांच्या बश्या घेऊन गेले तेव्हा वाद रंगात आला होता. आयुष्यभर एकच रेकॉर्ड ऐकायची तर कोणती? प्राध्यापकांनी त्यांची लाडकी सांगितली. एका बाजूला एकच लांबलचक गाणं, मध्ये ऑर्गन, मध्ये वाऱ्याचा आवाज. ह्यांनी लगेच तिचंच नाव घेतलं.

केमिस्ट म्हणाले, "आवं सर, त्यो गडी गायला कवा लागतोय याची वाट बघून माझा च्या गार झाला. आपल्याला बाबा ही आवडती." त्यांनी एक जुनी, कोपरे दुमडलेली रेकॉर्ड उचलली. "लय भारी हाय. लावली की अंगात वारं शिरतंय."

"शिरणारच," प्राध्यापक म्हणाले. "दिवसभर मळीच्या वासात राहता तुम्ही. नाकाबरोबर कानही गेले असतील."

सगळे हसले. केमिस्टही हसले, पण त्यांनी रेकॉर्ड हळूच खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतला. ते मला बघवलं नाही.

"ती रेकॉर्ड चांगली आहे," मी म्हटलं.

तिघांनी वर पाहिलं. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "त्या मोठ्या रेकॉर्डमध्ये ते लोक आपण किती हुशार आहोत हेच सांगत बसतात. हा माणूस ओरडतो, कारण त्याला ओरडल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं ऐका. त्याचा आवाज फाटतो आणि त्यानं तो तसाच ठेवलाय."

मग प्राध्यापकांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही शिकवलंत वाटतं?"

"मी नाही बुवा," हे म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"वहिनी, बसा की," केमिस्ट म्हणाले. "आणि सांगा. ऐकू द्या आमाला."

मी बसणार इतक्यात हे म्हणाले, "अगं, दूध उतू जाईल."

चुलीवर दूध नव्हतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आत गेले.

दुपारी ते म्हणाले, "आधी सांगायचं होतंस मला. हसं झालं माझं."

"सांगितलं होतं."

"कधी?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी मला स्वतः प्राध्यापकांनी हाक मारली. "वहिनींचं मत घेऊ या!" मी पदराला हात पुसत बाहेर गेले, मनातून थोडी सुखावलेही. मी बोलले. ते मान डोलावत होते, पण नजर ह्यांच्याकडे होती आणि ओठांवर हसू, लहान मुलानं पाढे म्हटल्यावर पाहुण्यांच्या चेहऱ्यावर असतं तसं. "वा! बायकांत हे दुर्मीळ हो." मग माझ्या मतावर वाद न घालता ते पुढच्या रेकॉर्डकडे वळले. मला कुणीतरी 'तुला काही कळत नाही' म्हणायला हवं होतं. तेवढा मान तिथे मला कुणी देणार नव्हतं. त्यानंतर दर रविवारी ती हाक ऐकू आली की मी हातातलं काम उगाच लांबवायची. आत राहिले तर आखडू, बाहेर गेले तर करमणूक.

मग एके दिवशी रेकॉर्ड प्लेअर टेबलावर नव्हता. बैठक आता प्राध्यापकांकडे, असं हे म्हणाले. "आईला आवाजाचा त्रास होतो."

सासूबाई कोरेगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या तांदूळ निवडत होत्या. ताटातून मान वर न करता म्हणाल्या, "मी कवा म्हटलं रं तरास हुतोय म्हणून? माझ्या नावावर कशाला खपवतोस?"

हे चपला घालून निघून गेले. सासूबाई मला म्हणाल्या, "तुज्या सासऱ्यांनी मला भजनाला जाऊ दिलं न्हाई. का, ते अजून न्हाई सांगितलं. आता सांगणारं माणूसच राह्यलं न्हाई." मग त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मी ह्यांना एकदा विचारलं, "मी येऊ का तुमच्याबरोबर?" ते म्हणाले, "तिथे बायका नसतात." प्राध्यापकांची बायको त्या घरात होती, पण मी वाद घातला नाही. केमिस्टांची पुढे सांगलीकडच्या कारखान्यात बदली झाली. जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले. दारातच म्हणाले, "वहिनी, ते शेवटचं गाणं मी पुन्यांदा ऐकलं. तुमचं पटलं न्हाई मला. पयलंच भारी हाय." त्या दिवशी मी फार दिवसांनी मनापासून हसले.

वर्षभरानं प्राध्यापकांनी नवा, महागाचा प्लेअर घेतला आणि आमचा परत आला. आमची मुलगी तेव्हा रांगत होती. ह्यांनी तो पुसून टेबलावर ठेवला आणि जरा ओशाळून म्हणाले, "तुला हवं ते लाव."

मी एक रेकॉर्ड लावली. हे दाराशी उभे राहून बघत होते, गाण्याकडे नाही, माझ्याकडे.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. खरंच ऐकायचं होतं त्यांना.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य त्यांना कसं वाटेल, हाच विचार आधी मनात यायला लागला.

"बरं आहे," मी म्हटलं, आणि मुलीला उचलून घेतलं.