एका झाकणापायी

मी साडेतीन वर्षं जपलेला म्हातारा पहारेकरी एका तांब्याच्या झाकणापायी खाडीत बुडून मेला, आणि त्याला मारण्यात माझाच हात होता.

दर रविवारी सकाळी आम्ही चौघं नवी मुंबईच्या करावे गावातल्या एका रिकाम्या खोलीत जमतो. खोली ज्यांची, तेच खेळ चालवतात. त्यांचे वडील खाडीत मासेमारी करायचे. हे आता भाड्याच्या खोल्या सांभाळतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ गोष्ट सांगतात, आम्ही त्या गोष्टीतली माणसं होऊन काय करायचं ते ठरवतो, आणि जिथं नशिबाचा प्रश्न येतो तिथं वीस बाजूंचा फासा टाकतो. बँकेत नोकरी करणाऱ्या एक मॅडम वैद्य होतात. माझी मुलगी चोर, मी पहारेकरी. बायको या सगळ्याला भातुकली म्हणते.

आमच्या टेबलावर एक नियम फार कडक आहे. तुमचा माणूस मेला की ज्यावर त्याचे गुण, कमतरता, सामान लिहिलेलं असतं तो कागद भाऊंकडे जमा, आणि ती गोष्ट संपेपर्यंत तुम्ही नुसतं बसायचं. चहा करायचा, शत्रूंचे फासे टाकायचे, सल्ल्याचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही.

एरवी मी हा नियम हसत पाळला असता. पण यंदा मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी जाणार होती आणि मध्ये फक्त पाच रविवार उरले होते. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत घरात आमचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘क्लास किती वाजता’ एवढ्यावर आलं होतं. रविवारी मात्र ती माझ्या शेजारी बसून माझ्या पहारेकऱ्याशी भांडायची, त्याचा खिसा कापायची, वेळ आली की त्याला वाचवायची. ते पाचही रविवार मला हवे होते, एकही वाया न जाता.

नेमकं तेव्हाच भाऊंनी ते झाकण काढलं. गोष्टीतल्या खाडीत एक फुटकं गलबत रुतलेलं, आणि त्यात एक तांब्याचं झाकण. जादू काय, तर ते ज्या भांड्यावर ठेवाल त्यातलं अन्न गरम राहतं. संपली जादू.

“हे काय, भाऊ?” मी म्हणालो. “तलवार नाही, चिलखत नाही. गरम भातासाठी चिखलात कोण उतरणार?”

“मला पाहिजे,” मुलगी म्हणाली.

मी खाडीपलीकडे द्रोणागिरीला एका गोदामात आवक-जावक बघतो. कुठली वस्तू जागा अडवायच्या लायकीची आणि कुठली नाही, हे ठरवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. त्यामुळे मी तिला अर्धा तास समजावलं. मोठ्या खजिन्यासाठी माणूस तयारीनं जातो, किरकोळ जादूसाठी बेसावध जातो आणि फुकट मरतो, असं बरंच काही. मॅडमनी मान डोलावली.

“बाबा, तुला नसेल यायचं तर नको येऊ. मी एकटी जाते.”

एकटी म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. पण मी अट घातली. आधीच्या लढाईतल्या जखमा भरलेल्या नव्हत्या, तेव्हा आठ दिवस विश्रांती आणि मगच उतरायचं. गोष्टीत त्या दिवशी ओहोटी दुपारी बारापर्यंत होती. आठ दिवसांनी सकाळी आठला उतरलो की चार तास हातात.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. “आठ दिस थांबनार? नक्की?”

“नक्की. घाई करून कशाला मरायचं?”

“बरं,” म्हणत त्यांनी चहाचा घोट घेतला.

पुढच्या रविवारी आम्ही उतरलो. गलबत गाठलं, मुलीच्या हाती झाकणही आलं. तेवढ्यात भाऊ शांतपणे म्हणाले, “पानी गुडघ्याला लागलं.”

“गुडघ्याला कसं? ओहोटी आहे ना?”

“कंची ओहोटी? भरती हाय. पानी रोज पाऊन तास उशिरा येतं, दादा. आठ दिसान सगलं उलटं झालं. तुमी काय गोदामाची शिफ्ट समजले?”

मी तीस वर्षं नवी मुंबईत राहतोय, रोज खाडी ओलांडून कामाला जातोय. पाणी कधी येतं, कधी जातं, इकडे मी एकदाही लक्ष दिलं नव्हतं. माझ्या सावधपणानंच आम्हाला भरतीच्या तोंडी दिलं होतं. स्वतःचा असा राग मला फार दिवसांत आला नव्हता.

पाणी छातीपर्यंत आलं. मुलीची चोर कमरेपर्यंत रुतली.

“झाकण टाक!” मी खरोखरच ओरडलो. “दोन्ही हात मोकळे कर!”

“नाही.”

“अगं, एका झाकणासाठी...”

“ते तुझ्यासाठी आहे ना!” तिनं माझा कागद ओढला आणि त्यावर बोट ठेवलं. ‘कमतरता’ या रकान्यात साडेतीन वर्षांपूर्वी मी गमतीत लिहिलं होतं: ‘पहाऱ्यावर असल्यामुळे कायम थंड भाकरी खातो. कुरकुर करतो.’

मी साफ विसरलो होतो. तिनं लक्षात ठेवलं होतं.

“मी तिला खांद्यावर घेतो,” मी भाऊंना सांगितलं. ती गलबताच्या डोलकाठीपर्यंत पोचली, झाकणासकट. मग मी स्वतःसाठी फासा टाकला. वीसपैकी तीन आले. भाऊंनी हात पुढे केला आणि मी कागद त्यांच्या हातात दिला.

उरलेले तीन रविवार मी चहा केला. पहिल्या रविवारी चडफडत केला. मग लक्षात आलं की इतकी वर्षं ती बोलत असताना मी माझ्या पुढच्या चालीचा विचार करत बसायचो. आता करायला काही नव्हतं म्हणून ऐकत होतो. तिनं एका राजाला तोंडावर खोटं ठरवलं, मॅडमना दोनदा मरणातून ओढून आणलं, आणि घाबरली तेव्हा ‘मी घाबरले’ असं सरळ सांगून मदत मागितली. ही पोरगी परगावी नीट राहील, हे मला त्या खोलीत कळलं. गोष्टीत मुक्काम पडला की ती न चुकता म्हणायची, “झाकणाखाली एक भाकरी ठेवते.” पहिल्यांदा मॅडमनी विचारलं, कोणासाठी गं? “पहारेकऱ्यासाठी,” ती म्हणाली. नंतर कोणी विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी गोष्ट संपली. पुढच्या महिन्यात नवी सुरू होणार, मुलगी होस्टेलवरून व्हिडिओ कॉलवर खेळणार असं ठरलं. भाऊंनी मला कोरा कागद दिला. मेलेल्याची वस्तू नव्या माणसाला मिळत नाही, हाही त्यांचा नियमच आहे. मी कप धुऊन परत आलो तर माझ्या कागदावर नाव नव्हतं, वय नव्हतं, फक्त ‘सामान’ या रकान्यात मुलीच्या अक्षरात एक ओळ होती: ‘तांब्याचं झाकण, १.’

भाऊंनी चष्मा लावून ती वाचली. नियमाच्या बाबतीत हा माणूस कोणाचं ऐकत नाही. त्यांनी खोडरबर उचललं, मुलीकडे बघितलं, आणि ते परत डब्यात टाकलं.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पन दादा, या टायमाला उतरायच्या आधी भरतीची वेल इचारून घ्या.”