वासापुरता पाव

समोरच्याच्या बशीतला पाव उचलायचा, अंगठ्याने हलकेच दाबायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि परत त्याच्याच बशीत ठेवायचा. वर सांगायचं, "वासानं पोट दुखत न्हाय." आगरदांड्याहून दिघीला जाणारी सकाळची फेरीबोट तुम्ही कधी पकडली असेल, तर धक्क्यावरच्या टपरीत तुमचाही पाव काकांनी हुंगला असेल.

काका बोटीचे दोर बांधायचे, मी तिकिटं तपासायचो. त्यांना सिलिॲक नावाचा आजार होता. गहू पोटात गेला की आतड्याला इजा व्हायची. घरी रोज तांदळाची भाकरी, त्यामुळे दुखणं कशाने हे कळायलाच वर्षं गेली. घात टपरीवरच्या चहा-पावाने केला होता, आणि काकांचा जीव नेमका त्यातच अडकलेला.

मग मुंबईच्या एका इस्पितळात नव्या गोळीची चाचणी निघाली. ती घेतल्यावर गहू सोसतो का, ते बघायचं होतं. काहींना खरी गोळी, काहींना पोकळ, म्हणजे औषधच नसलेली. कुणाला कोणती, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सोबत रोज गव्हाचं एक बिस्किट.

"डॉक्टरच गहू खा म्हनतो. आता बोल," काका मिशीत हसले. पहिलं बिस्किट त्यांनी अशा थाटात चहात बुडवलं, की भोंगा दोनदा वाजला तरी बोटीचा दोर सुटेना. "माझी खरीच हाय," असं ते दिसेल त्याला सांगत.

तिसऱ्या आठवड्यात ते मला दोरांच्या ढिगामागे सापडले. पोट धरून बसलेले, घामाघूम. डॉक्टरांनी दिलेल्या वहीत मात्र रोज 'त्रास नाही' लिहीत होते.

"खरं लिवलं तर बिस्किट बंद करतील रं."

मला हसू आलं आणि रागही आला. "काका, तुमची पोकळ असली तर? पोकळ गोळीनेही त्रास नाही म्हटलं, तर खरीचा गुण कळायचा कसा? चांगलं औषध तुमच्या थापेपायी टाकून देतील. मग पाव विसरा."

काकांनी वही मिटून खिशात कोंबली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जाऊन सगळं कबूल करून आले. बिस्किट बंद झालं. पुढे चाचणी संपल्यावर कळलं, त्यांची गोळी पोकळच होती. मी तोंड पाडून उभा, आणि हे खुशीत.

"म्हंजे खरीचं अजून काय बिघडलं न्हाय."

गेल्या वर्षी काका पालीला लेकीकडे राहायला गेले. धक्क्यावर त्यांच्यावाचून करमत नाही. अधूनमधून फोन येतो.

"आली का रं गोळी?"

"अजून नाही, काका."

"मग तवर माझ्या वाटचा वास तू घे."

मी शेजारच्या प्रवाशाच्या बशीतला पाव उचलतो आणि अंगठ्याने हलकेच दाबतो. माणूस चमकून बघतो. पण काकांना शब्द दिला आहे.