मोठ्यानं वाच

बाळकुमच्या आमच्या टॉवरमध्ये लिफ्टसमोर फिनेलने पुसलेलं असलं, की मी सरळ जिना धरते. गुडघे कुरकुरतात, पण तो वास नको.

तो वास मनात बसला तेव्हा मी विद्यापीठात तत्त्वज्ञान, धर्म आणि इतिहास एकत्र शिकत होते. नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात बाबांना ऑपरेशनला आत नेलेलं. बाहेर बाकावर आई आणि मी. पुसलेली फरशी अजून ओली होती.

"तुला देवाधरमाचं शिकवतान ना?" आई म्हणाली. "मंग बोल कायतरी त्यांच्यासाठी."

प्रार्थनेच्या व्याख्या मला पाठ होत्या. प्रार्थना एकही येत नव्हती.

"आई, आम्हाला तसलं नाही शिकवत."

"मंग तीन तीन विषयांत शिकवतान तरी काय गो?"

मी पिशवीतून नोट्स काढल्या आणि उघडलं ते पान वाचू लागले. दुःखाला कारण असते, कारण गेले की दुःख जाते. आईने डोळे मिटून हात जोडले.

"मोठ्यानं वाच. आत आयकू गेलं पायजे."

मी आवाज चढवला. पुढचं पान शिलाहार राजांचं निघालं, तेही वाचलं. तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. मला वाटलं, ओरडेल. पण ती माझं संपायची वाट बघत उभी राहिली, तेव्हा मला कळलं.

आईचे डोळे मिटलेलेच होते. मी पान उलटलं आणि वाचत राहिले.

शिकलेलं सगळं फुकट गेलं, असं मला पुढे बरीच वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. मी वाचत होते तोवर आई सवाष्ण होती.