किल्ल्याच्या दारातला पहारेकरी

दिवाळीच्या सुट्टीला गडमुडशिंगीला काकांकडे निघताना बाबा म्हणाले, "वर्षभर खेळता येईल असं एकच खेळणं घे." मी मातीचा पहारेकरी निवडला आणि चुलतभावांच्या किल्ल्याच्या दारात उभा केला.

शेवटच्या दिवशी किल्ला बॉम्बने उडवतात, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला माहीतच नव्हतं. मोठा चुलतभाऊ उदबत्ती घेऊन वाकला. माझा पहारेकरी काढून दे, एवढंच म्हणायचं होतं. पण मी नुसतीच एक पाऊल पुढे सरकले.

"लांब हो की, इंग्लिश मीडियम. भ्या वाटतंय व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली. वात सुरसुरू लागली तशी धावले, पहारेकरी उचलला आणि पळत सुटले. मागून पाठीवर माती आदळली.

पहारेकरी अजून माझ्याकडे आहे. त्याला पुन्हा कुठल्याच किल्ल्यावर मी उभं केलं नाही.